लढाई सुरू होते, तरी सूर बदलत नाही

दिवाळीत दादा चार दिवस घरी होता. त्यातल्या दोन रात्री आम्ही गच्चीवर बसून एकाच विषयावर बोलत होतो. आईनं भडंगाचा डबा वर पाठवला, तो संपल्यावर दुसरा पाठवला, आणि शेवटी ती झोपायला गेली. दुसऱ्या रात्री आत्या वर आली. जिन्यातच तिच्या कानावर दादाचं वाक्य पडलं होतं, "ती गेली तेव्हा मी दोन दिवस जेवलो नव्हतो." आत्या घाबरून म्हणाली, "कोण गेलं रे?"

मग आम्ही तिला बसवलं आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं. तिला सांगता सांगता मलाच काही गोष्टी नव्यानं उमगल्या, त्या इथं लिहून ठेवतेय. विषय फायनल फँटसी ही व्हिडिओ गेमची मालिका. ज्यांना खेळायची आहे आणि शेवट कळायला नको आहे, त्यांनी इथंच थांबावं, कारण मी शेवट सांगणार आहे.

ही मालिका जपानमध्ये १९८७ साली सुरू झाली. दरेक भागाचं जग वेगळं, माणसं वेगळी. आमच्या घरात ती मामेभावाच्या जुन्या प्लेस्टेशनबरोबर आली. सातवा भाग तीन डिस्कचा, नववा चार डिस्कचा. दादा खेळायचा आणि मी शेजारी बसून वाचायचे. इंग्रजी मला तेव्हा जेमतेम येत होतं, दादा अडला की डिक्शनरी मी उघडायची. अशी आमची वाटणी होती.

आत्याला आधी नियम समजावला. या खेळांत तुम्ही माळावर, जंगलात चालत असता. मध्येच पडदा फुटल्यासारखा होतो आणि लढाईचं संगीत सुरू होतं. जिंकलात की विजयाची धून वाजते, आपली माणसं हात वर करून नाचतात. हे शेकडो वेळा होतं. इतक्या वेळा, की ते संगीत कानाआधी बोटांना कळायला लागतं.

सातवा भाग १९९७ चा. त्यात एरिस नावाची फुलं विकणारी मुलगी आहे. नंतरच्या भाषांतरांत तिला एअरिथ म्हणायला लागले, पण आमच्या तोंडी एरिसच राहिलं. दादानं तिला फार जपून वाढवली होती. जखमा बऱ्या करायची सगळी चांगली शक्ती तिच्याकडं दिलेली. पहिल्या डिस्कच्या शेवटी ती एका ओस पडलेल्या प्राचीन नगरात गुडघे टेकून प्रार्थना करत असते. खेळाचा नायक क्लाउड तिच्यापर्यंत पोचतो, ती डोळे उघडून हसते, आणि वरून खलनायक सेफिरॉथ तलवार घेऊन उतरतो. तिच्या केसांत बांधलेला पांढरा मणी सुटून पायऱ्यांवरून टप टप उड्या मारत खाली पाण्यात पडतो. त्या मण्याबरोबर तिची धून सुरू होते, अगदी हळू.

मग लगेच लढाई. समोर राक्षस उभा. पण लढाईचं संगीत येत नाही. एरिसचीच धून चालू राहते. तुम्ही बटणं दाबताय, वार करताय, मार खाताय, आणि कानात तिचंच गाणं. तीस-चाळीस तास खेळानं जो नियम अंगवळणी पाडला, तो नेमका इथं मोडला. लढाई संपल्यावर क्लाउड तिला उचलून पाण्यात जातो आणि सोडून देतो.

आत्या सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "म्हणजे वाजवणाऱ्याला कळलंय की कोण गेलंय ते."

आत्या तीस वर्षं भजनी मंडळात पेटी वाजवतेय. तिला हे कुणी शिकवावं लागलं नाही.

तो वाजवणारा म्हणजे नोबुओ उएमात्सु. संगीताचं रीतसर शिक्षण न घेतलेला माणूस. पहिल्या भागाच्या वेळी त्याच्या हाती होतं ते फॅमिकॉम नावाचं गेमचं यंत्र. त्यातून एका वेळी मोजके तीन सूर निघायचे आणि जोडीला थोडा खरखराट. तेवढ्यात माळरान, किल्ला, लढाई, दुःख, सगळं बसवायचं. म्हणून मला वाटतं त्याच्या चाली इतक्या स्वच्छ झाल्या. तीनच सूर असतील तर एकही फुकट घालवता येत नाही. या मालिकेच्या बहुतेक भागांत एक धून असते, वर चढत जाणारी आणि परत उतरणारी स्वरांची माळ, थेंब थेंब पडल्यासारखी. मिरजेत सतारमेकर गल्लीतून जाताना एखाद्या दुकानात कारागीर तानपुरा जुळवत बसलेला असतो, तारा एकामागून एक छेडतो, तेव्हा मला हटकून तीच धून आठवते. चाल वेगळी, सूर वेगळे, पण काम एकच: आता इथं काहीतरी सुरू होणार आहे, नीट बसा. (त्या गल्लीतल्या कारागिरांचे पूर्वज शिकलगार, शस्त्रं घडवणारे. तलवारी करणारे हात तारांकडं वळले, ही गोष्ट आमच्या जिल्ह्याच्या इतिहासात मला सगळ्यात आवडते.)

माझा आवडता भाग दहावा. २००१ चा. दादाचा नववा, २००० चा. वीस वर्षं आमचं हेच भांडण आहे.

दहाव्यात स्पिरा नावाचं जग आहे. तिथं सिन नावाचं समुद्रातून येणारं महाकाय संकट आहे. ते येतं, किनाऱ्यावरची गावं पुसून टाकतं, परत जातं. युना नावाची सतरा वर्षांची मुलगी एका यात्रेला निघाली आहे. एकेक मंदिर करत झनारकंडच्या अवशेषांपर्यंत जायचं, तिथं शेवटची शक्ती मिळवायची आणि सिनला मारायचं. मारलं की काही वर्षं शांतता. मग सिन परत येतो. मग दुसरं कुणीतरी यात्रेला निघतं. असं हजार वर्षं चाललंय.

किलिका नावाचं लाकडी ओंडक्यांवर उभं असलेलं बंदर सिन उद्ध्वस्त करतो. संध्याकाळी गाव पाण्याकाठी जमतं. मेलेल्यांना पाण्यात ठेवलेलं असतं. युना अनवाणी पाण्यावर चालत जाते आणि नाचते. तो नाच झाला नाही तर गेलेले जीव अडकून पडतात, जिवंत माणसांचा हेवा करायला लागतात, त्यांचे राक्षस होतात. म्हणून कुणीतरी नाचायलाच हवं. बघणारे रडतात, ती रडत नाही. काम करत राहते. आणि पुढं त्याच गावात लोक फळ्या ठोकत घाट परत बांधताना दिसतात.

मी हा भाग पहिल्यांदा पाहिला तो २००५ च्या महापुराआधी काही महिने. मग पाणी आलं. आमचं घर तेव्हा सांगलीत गावभागात, तळमजल्यावर. प्लेस्टेशन माळ्यावर गेला, टीव्ही शेजारच्यांच्या दुसऱ्या मजल्यावर गेला, पण मेमरी कार्ड टेबलाच्या खणात राहिलं. दादाचे आणि माझे मिळून शंभराच्या वर तास त्या कार्डात होते, ते गाळात गेले. त्या वयात मी त्यासाठी रडले. पण पाणी उतरल्यावर जे पाहिलं ते आजवर डोळ्यांसमोर आहे. आख्खी गल्ली फावडी-घमेली घेऊन गाळ काढत होती. कुणी कुणाला काही बोलत नव्हतं. वास असा, की नाकाला पदर. समोरच्या काकूंनी आपल्या घराआधी मारुतीच्या देवळाची पायरी धुतली. मला तेव्हा किलिका कळलं. २०१९ ला आयर्विन पुलाजवळ पातळी ५७ फुटांच्या पुढं गेली. ४० ला इशारा आणि ४५ ला धोका असं पाठ असलेल्या आम्हा लोकांना तो आकडा ऐकूनच हातपाय गळाल्यासारखं झालं. तेव्हाही पाणी ओसरल्यावर पहिला आवाज खराट्यांचा होता.

म्हणून कुणी "हे पोरांचे खेळ" म्हणालं की मला राग येतो. दुःखावर करण्यासारखं काहीतरी काम असतं आणि ते हातापायांनी करायचं असतं, हे मला आधी एका खेळानं दाखवलं आणि मग माझ्या गल्लीनं.

युना पुढं काय करते तेही सांगते. सिनला मारणारा मरतो, हे तिला पहिल्यापासून माहीत आहे. तिच्याबरोबरच्या सगळ्यांना माहीत आहे. फक्त टीडस नावाच्या मुलाला माहीत नाही. तो सगळ्या वाटेनं सांगत सुटतो, सिन संपल्यावर आपण इथं जाऊ, तिथं जाऊ, आणि बाकीचे गप्प बसतात. दुसऱ्यांदा खेळताना ती शांतता ऐकू येते. पहिल्यांदा येत नाही. आणि झनारकंडमध्ये कळतं, की जी शेवटची शक्ती मिळवायला सगळे जीव देतात, तीच पुढचा सिन होते. यात्राच सिनला जिवंत ठेवते. युना नकार देते. हजार वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी म्हणतं, नको, मी दुसरा मार्ग शोधीन.

या भागाची सुरुवात होते ती पियानोच्या एका धूनेनं. शेकोटीभोवती थकलेली माणसं बसलीत, मागं पडकं शहर. उएमात्सुनं ती मुळात खेळासाठी लिहिली नव्हती, एका बासरीवादकाच्या कार्यक्रमासाठी लिहिली होती आणि फार उदास वाटली म्हणून बाजूला ठेवली होती. ती सुरुवातीलाच वाजते, तेव्हा ही माणसं कोण हे आपल्याला माहीत नसतं. कित्येक तासांनी आपण त्याच शेकोटीपाशी येतो, तोवर ती माणसं आपली झालेली असतात.

अजून एक. स्पिरातल्या दरेक मंदिरात एकच स्तोत्र ऐकू येतं, पण दर ठिकाणी आवाज वेगळा. कुठं लहान मूल, कुठं बाई, कुठं खर्जातला पुरुष. टीडसचा बाप जेक्ट, ज्याचा त्याला मनस्वी राग आहे, तेच स्तोत्र गुणगुणायचा. शेवटी आख्खं स्पिरा ते एकत्र गातं आणि सिन शांत होतो, कारण सिनच्या आत जेक्टच आहे.

आमचे बाबा रोज सकाळी दाढी करताना नाट्यगीत गुणगुणतात. शब्द कधीच पूर्ण नाहीत, नुसती चाल. दादा आणि बाबा यांच्यात मधली काही वर्षं बोलणं नव्हतं, कारण दादानं इंजिनिअरिंग सोडलं. त्या वर्षांत पुण्याहून मला एकदा फोन करून दादा म्हणाला होता, "बारके, फोन जरा मोरीच्या दाराशी धर की." मी धरला. दोघंही काही बोललो नाही. याहून जास्त त्यावर लिहिणार नाही.

आता दादाची बाजू, कारण ती मला अजून खोडता आलेली नाही.

नवव्यात विवी आहे. नऊ वर्षांच्या पोराएवढा, टोकदार टोपी, अंधारा चेहरा, दोन पिवळे डोळे. चालताना अडखळून पडणारा. दाली नावाच्या गावाखाली त्याला एक कारखाना सापडतो. तिथं त्याच्यासारखेच जादूगार बनवून पेट्यांत भरले जात असतात, युद्धासाठी. त्याला कळतं, की आपणही बनवलेले आहोत. पुढं जंगलात अशा पळून आलेल्या जादूगारांचं एक गाव लागतं. त्यांना नावं नाहीत, नंबर आहेत. आणि बनवल्यावर साधारण वर्षभरात ते एकेक करून थांबतात. गावाबाहेर त्यांनी कबरी केल्यात. तिथं एक जादूगार उभा असतो, त्याचा मित्र पुरलेला. मरण म्हणजे काय हे त्याला नीट कळलेलं नाही. तो म्हणतो, मित्र बाहेर येईल तेव्हा मातीनं माखलेला असेल, तेव्हा त्याला तळ्यात अंघोळ घालायचीय.

हे सांगताना दादाचा आवाज दर वेळी चिरतो.

मी माझा मुद्दा मांडला होता, की ही मालिका नियम शिकवते आणि मग योग्य क्षणी मोडते. एरिसच्या वेळी संगीतानं मोडला, युनानं यात्रेचा मोडला. यातच तिची ताकद आहे.

दादा म्हणाला, "युनाला मोडता येतो म्हणून ती मोडते की. विवीला येत नाही. वर्ष म्हणजे वर्ष. मग त्या वर्षाचं काय करायचं, ते नववा सांगतो. आणि तुझा तो संगीताचा मुद्दा बी इथं चालत नाही. आठव, माळावर चालताना कुठली धून वाजते?"

मी गप्प. कारण मला उत्तर माहीत होतं. नवव्यात उघड्या माळावर फिरताना जी धून वाजते, तिच्यात शेवटच्या गाण्याची चाल आहे. राजकन्या गार्नेट मध्ये मध्ये तीच गुणगुणते. शेवटच्या नामावलीला एमिको शिरातोरी ते गाणं शब्दांसकट गाते, तेव्हा कळतं, की आपण पहिल्यापासून या गाण्यातूनच चालत होतो.

"इथं काही मोडलेलं नाही," दादा म्हणाला. "तोच सूर शेवटपर्यंत. आपल्याला ओळखायला उशीर होतो, एवढंच."

आत्या म्हणाली, "हे बरोबर बोलला."

मला ते अजून पूर्ण पटलेलं नाही. एरिसच्या त्या लढाईत जे होतं ते ओळखायला उशीर होण्यातून होत नाही, तिथं खेळ हात धरून थांबवतो, आणि मला कला तशीच लागते. पण मान्य करते, विवीच्या बाबतीत माझं म्हणणं अपुरं पडतं. त्याच्या गोष्टीचा शेवट त्याच्याच शब्दांतल्या निरोपानं होतो, त्याच्यासारख्याच छोट्या टोप्या घातलेली त्याची पोरं दिसतात, आणि तो स्वतः दिसत नाही. खेळ ते सांगत नाही. आपण पडद्यावर त्याला शोधत बसतो.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी दादा नवव्याच्या चारही डिस्क पुण्याला घेऊन गेला. तिसरीवर ओरखडा आहे, पण चालते. त्याला म्हटलं, या वेळी माळावर जरा जास्त चाल, मीही इकडं ऐकते.

काल रात्री उशिरा त्याचा मेसेज आला. "कबरीपाशी पोचलोय. पुढं जाववत नाही."

मी लिहिलं, "थांब मग तिथंच. शनिवारी येते."