टॉवेलवाल्याचं उत्तर

सर,

पेशीवरचा साखरेचा थर टॉवेलसारखा संदेश धरून ठेवतो, असं सांगणाऱ्या माझ्या 'पेशीच्या अंगावरचा टॉवेल' या लेखाखाली आपण चार ओळी टाकल्यात. साखरेचा थर संदेश नुसता धरत नाही, बदलतो. मधुमेहाच्या तपासणीतली साखर वेगळी. नॉच या ग्राहीचं (ग्राही म्हणजे पेशीवरचं संदेश घेणारं प्रथिन) नावही नाही. आणि शेवटी, "सोलापुरात टॉवेल चांगले विणतात, जीवशास्त्र मात्र वाचून लिहावं लागतं." पहिल्या तीन ओळी समजू शकतो. चौथीचं काय करू?

वाचून लिहावं लागतं! माझे वडील सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागावर होते. शाळेतून आलो की दप्तर टाकून मी कांड्या भरायला बसायचो. बारावीचं जीवशास्त्र त्याच खडखडाटात वाचलंय. मागावरून नुकताच उतरलेला टर्किश टॉवेल आपण कधी हातात घेतलाय? लूप भरगच्च, पण पाणी टाका, थेंब वरच्यावर घरंगळतो. सुताला खळ असते. दोन-तीनदा धुतला की तोच टॉवेल घटाघटा पाणी पितो. लूप तेच, वागणं वेगळं.

हेपरान सल्फेट या साखरेच्या लांब साखळ्या पेशीबाहेर अशाच लोंबतात. एफजीएफ हा वाढीचा संदेश देणारा रेणू त्यांच्यात अडकतो आणि तीच साखळी त्याला ग्राहीशी जोडून धरते. साखळी नसेल तर ग्राही असूनही संदेश धड पोचत नाही, हे १९९१ पासून माहीत आहे. आता त्या साखळीवरचे सल्फेट म्हणजे माझी खळ. सल्फ नावाची एन्झाइम्स पेशीबाहेर ग्लुकोसामाइनच्या सहाव्या जागेवरचे सल्फेट काढतात. साखळी तशीच राहते, एफजीएफचा संदेश मात्र मंदावतो. (टॉवेल धुतल्यावर सुधारतो, इथं उलटं होतं, हे तुम्ही सांगण्याआधी मीच सांगतो.) म्हणजे साखर संदेश बदलते, हेच तर मी म्हणत होतो! तशा शब्दांत लिहिलं नसेल. पण नवा टॉवेल धुतलेल्या माणसाला ते सांगावं लागत नाही.

चूक असेल तिथं मी मान्य करतो. या साखळ्या ज्या प्रथिनांवर लोंबतात, त्यांपैकी ग्लायपिकन पेशीपटलातून आरपार गेलेलं असतं, असं लेखात होतं. आरपार जातं ते सिंडेकन हे दुसरं प्रथिन. ग्लायपिकन बाहेरच्या बाजूने मेदाच्या नांगरावर टेकलेलं असतं. दुरुस्त केलंय. अर्थात हे तुमच्या नजरेतून सुटलं होतं, माझ्या मुलीने दाखवलं.

बाकीचं किरकोळ. एचबीएवनसीत, म्हणजे मधुमेहाच्या त्या तपासणीत, मोजली जाणारी साखर हिमोग्लोबिनला आपसूक चिकटते आणि पेशीवरची साखर एन्झाइम्स जागा बघून चढवतात, हे मलाही ठाऊक आहे. दोन्ही एका परिच्छेदात आलं म्हणून काही आभाळ कोसळलं नाही.

राहिला नॉच. त्याच्यावरच्या फ्युकोज या शर्करेला फ्रिंज एन्झाइम आणखी एक शर्करा जोडतं आणि मग नॉच डेल्टाचं, म्हणजे शेजारच्या पेशीवरच्या संदेश देणाऱ्या प्रथिनाचं, जास्त ऐकू लागतो. त्यावरचा लेख निम्मा लिहून ठेवलाय, तुमची प्रतिक्रिया यायच्या आधीपासून. खरं वाटत नसेल तर फाइलवरच्या तारखेचा फोटो पाठवतो.