‘टॅक्सी करताना विमानं धडकली तर चूक टॉवरची’ हे खरं नाही

शिकाऊ वैमानिकांमध्ये एक मजकूर हातोहात फिरतो आहे. टॅक्सी करताना, म्हणजे जमिनीवर चाकांवर विमान चालवताना, दोन विमानं एकमेकांना लागली तर दोष टॉवरचा, म्हणजे विमानतळाच्या नियंत्रण कक्षाचा. वेग माणसाच्या चालीचा, त्यामुळे फार तर पत्रा चेपतो. समोर लक्ष ठेवलं की झालं. तिन्ही विधानं चुकीची आहेत आणि सोलोला, म्हणजे एकट्याने उडायला, निघालेल्या मुलामुलींनी ती खरी मानणं धोक्याचं आहे.

आधी टॉवर. टॅक्सीची परवानगी मार्गापुरती असते. तुमचा पंख शेजारच्या पंखापासून किती लांब आहे, हे टॉवरवरून कळत नाही. एप्रन, म्हणजे विमानं उभी करायची जागा, तर आंतरराष्ट्रीय व्याख्येनुसार मॅन्युव्हरिंग एरियात (उड्डाण, लँडिंग आणि टॅक्सीसाठीच्या भागात) मोडतच नाही. धडक टाळणं हे कमांडरचंच, म्हणजे विमानाची जबाबदारी असलेल्या वैमानिकाचंच काम. समोरासमोर आलात तर दोघांनी थांबायचं किंवा जागा असेल तर उजवीकडे सरायचं. वाटा एकमेकींना छेदत असतील, तर ज्याच्या उजवीकडे दुसरं विमान आहे त्याने वाट द्यायची.

‘चालीच्या वेगाने काय होणार?’ चालीचा वेग विमानाचा, प्रॉपचा (नाकावरच्या पंख्याचा) नव्हे. सेसना १७२चा प्रॉप सुमारे १.९ मीटर व्यासाचा. १,००० आरपीएमला (मिनिटाला १,००० फेरे) त्याचं टोक ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास फिरतं. दोन पाती, म्हणजे सेकंदाला ३३ घाव. ताशी ५ किलोमीटरने पुढच्या विमानाच्या शेपटीत शिरलात, तर दर चार सेंटिमीटरवर एक काप पडत जातो. त्याच शेपटीत एलेव्हेटर आणि रडर या विमान वर-खाली आणि डावी-उजवीकडे वळवणाऱ्या पट्ट्यांच्या केबल असतात आणि काही मीटर पुढे केबिनमध्ये माणसं. तुमचं इंजिनही सुटत नाही. लायकमिंग इंजिनाचा प्रॉप आपटला, की क्रँकशाफ्टचा (इंजिनाच्या मुख्य दांड्याचा) मागचा गिअर तपासून त्याचा बोल्ट आणि लॉकप्लेट बदलावीच लागते. पातं कानशीने घासून पुन्हा उडायची सोय नाही.

राहिलं ‘समोर लक्ष’. पंखांची एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लांबी ११ मीटर आहे आणि तुम्ही डाव्या सीटवर, म्हणजे उजवं टोक तुमच्यापासून साडेपाच मीटरहून लांब. घट्ट वळणात शेपटी वळणाच्या उलट बाजूला बाहेर जाते, ती तर दिसतच नाही. अंतराची शंका आली तर थांबा, पंखाशी माणूस उभा करा. तो नसेल तर इंजिन बंद करा आणि विमान टो बारने (पुढच्या चाकाला लावायच्या दांडीने) ओढा.

सगळ्यात फसवी जागा मात्र होल्डिंग पॉइंट, म्हणजे धावपट्टीआधी थांबायची जागा. रनअपसाठी (उड्डाणाआधीच्या इंजिन तपासणीसाठी) १,८०० आरपीएम, नजर चेकलिस्टवर आणि मग एकेक मॅग्नेटो (ठिणगी देणारं यंत्र) बंद केल्यावर होणाऱ्या आरपीएमच्या घसरणीवर. पार्किंग ब्रेक नीट धरलेला नसला की विमान सरकू लागतं, आणि समोर थांबलेल्या विमानाची शेपटी जवळ येते. इंजिनाच्या आवाजात सरकणं जाणवत नाही. म्हणून पार्किंग ब्रेकवर विसंबू नका, पायांनी ब्रेक दाबून धरा. थांबताना थोडं तिरकं उभं राहा, म्हणजे प्रॉपची रेषा कुणाच्या शेपटीवर जाणार नाही. चेकलिस्टची प्रत्येक ओळ झाली की बाहेरची एक खूण बघा: टॅक्सीवेची कड, एखादा दिवा. ती हलली तर आधी थ्रॉटल मागे घ्या. तरीही ब्रेक धरत नसेल तर मिक्श्चर तोडा, म्हणजे इंधन बंद करून इंजिन थांबवा, आणि मोकळ्या गवताकडे वळा. डीए४०सारख्या विमानात पुढचं चाक मोकळं फिरतं. तिथे एका बाजूचा ब्रेक गेला की हळू वेगात त्या बाजूला वळणंही गेलं, म्हणून इंजिन आणखी लवकर बंद करावं लागतं.