वेबनं महास्फोट ‘पाडला’, म्हणे!

‘जेम्स वेब दुर्बिणीने महास्फोट खोटा ठरवला. विश्व प्रसरण पावतच नाही. आपले नारळीकर हेच सांगत होते!’ २०२२पासून फिरणारा हा फॉरवर्ड परवा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पुन्हा उगवला. महास्फोट म्हणजे अतिउष्ण, अतिघन अवस्थेतून विश्व प्रसरण पावत आजच्या रूपाला आलं, हा सिद्धान्त. आता फॉरवर्डमधल्या एकेका मुद्द्याला उत्तर देऊनच टाकतो.

‘महास्फोटानंतर इतक्या लवकर दीर्घिका (गॅलेक्सी) बनणं अशक्य.’ अपेक्षेहून जास्त आणि जास्त तेजस्वी दीर्घिका सापडल्या, हे खरंच. पण त्यामुळे अडचणीत आलं ते दीर्घिका किती झपाट्यानं घडतात याचं गणित. लांब पाहणं म्हणजे भूतकाळात पाहणं, कारण तिथला प्रकाश पोचायला वेळ लागतो. विश्व अनादि असतं तर कितीही लांब पाहा, आपल्या आकाशगंगेसारख्या पिकलेल्या दीर्घिकाही दिसायला हव्या होत्या. २०२४मध्ये विक्रमी अंतरावर सापडलेली दीर्घिका महास्फोटानंतर जेमतेम २९ कोटी वर्षांनंतरची. तिची रुंदी साधारण १६०० प्रकाशवर्षं, आपल्या आकाशगंगेची लाखभर. म्हणजे लेकरूच ते.

‘स्फोट झाला, तर मध्यबिंदू दाखवा.’ इथे शब्दानंच घात केलाय. महास्फोट म्हटलं की सुतळी बॉम्ब आठवतो. ‘बिग बँग’ हे मूळ इंग्रजी नाव १९४९मध्ये बीबीसी रेडिओवर दिलं ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांनी, आणि तेच या सिद्धान्ताचे कट्टर विरोधक! अवकाशच सगळीकडे ताणलं जातंय, मध्य कुठला दाखवणार?

‘पुरावा कुणी पाहिलाय?’ तुम्हीच. जुन्या टीव्हीवर चॅनल लागलं नाही की मुंग्या यायच्या, त्यात थोडासा अंश आदिम प्रारणाचा, म्हणजे विश्वाच्या उष्ण बालपणातून उरलेल्या आणि सगळीकडून येणाऱ्या लहरींचा असायचा. पेंझियस आणि विल्सन या अमेरिकी शास्त्रज्ञांना अँटेनात हीच खरखर ऐकू आली, तेव्हा त्यांनी आधी आतली कबुतरांची घाण खरवडून काढली. खरखर गेली नाही. १९६५मध्ये तिचा अर्थ लागला. आज या प्रारणाचं तापमान २.७ केल्विन, म्हणजे साधारण उणे २७० अंश सेल्सियस आहे.

राहिले नारळीकर. महास्फोटाला त्यांचा विरोध होता, आणि हॉइल व खगोलशास्त्रज्ञ बर्बिज यांच्यासह त्यांनी पर्यायी प्रतिमानही (मॉडेल) मांडलं. पण त्या प्रतिमानातही विश्व प्रसरण पावतंच. फॉरवर्डवाल्यांनी तेवढं सोयीस्कर गाळलं.

प्रसरण खरं असेल तर ते आदिम प्रारण पूर्वी जास्त उष्ण असायला हवं. २००८मध्ये खगोलशास्त्रज्ञ रघुनाथन श्रीआनंद आणि सहकाऱ्यांनी चिलीतल्या दुर्बिणीनं सुमारे ११०० कोटी वर्षांपूर्वीच्या वायुमेघातल्या कार्बन मोनॉक्साइडवरून ते मोजलं. गणितानं अपेक्षित ९.३ केल्विन, मोजमाप ९.१५. श्रीआनंद पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेचे. ती संस्था उभी केली नारळीकरांनीच.