लंडनच्या ‘त्या’ फलकाबद्दल खुलासा

२२ मार्च २०१७ रोजी वेस्टमिन्स्टर येथे झालेल्या दहशतवादी हल्ल्यानंतर लंडनच्या भुयारी रेल्वेस्थानकात लागलेला म्हणून, ‘तुम्ही काहीही करा, आम्ही चहा पिणार आणि आपले काम चालू ठेवणार’ अशा आशयाचा फलक पुन्हा फिरत आहे. मीही तो पुढे पाठवला होता. तो खरा नाही. पांढऱ्या फळ्यावरचा तो मजकूर असे फलक बनवून देणाऱ्या संकेतस्थळावर तयार झाला होता, हे ब्रिटिश वृत्तमाध्यमांनीच तेव्हा उघड केले. तत्पूर्वी, हल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी तो संसदेत वाचला गेला आणि पंतप्रधान थेरेसा मे यांनी त्याचे कौतुकही केले, तेव्हा आपली फसगत झाली यात नवल नाही. लंडनच्या ओव्हल या भुयारी रेल्वेस्थानकातील कर्मचारी फळ्यावर सुविचार लिहीत आले आहेत, ही गोष्ट मात्र खरी. ते चित्र कृपया यापुढे कोणी पाठवू नये.