‘डेडवुड’च्या शेवटाविषयी खुलासा
अमेरिकी वाहिनी एचबीओने सोन्याच्या खाणींसाठी वसलेल्या डेडवुड या अमेरिकी वस्तीवरची ‘डेडवुड’ ही मालिका 2006 मध्ये तिसऱ्या पर्वानंतर बंद केली आणि केवळ म्हणूनच खाणमालक जॉर्ज हर्स्ट शिक्षेविना सुटला, असे सांगितले जाते. हे बरोबर नाही. खऱ्या हर्स्टने 1877 मध्ये डेडवुडजवळची होमस्टेक ही सोन्याची खाण घेतली, पुढे तो कॅलिफोर्नियाचा सिनेटर झाला आणि 1891 मध्ये पदावर असतानाच वारला. त्याला डेडवुडमध्ये मारणे म्हणजे इतिहास खोटा करणे झाले असते. शेवटच्या भागात हर्स्टवर गोळी झाडणाऱ्या ट्रिक्सीला वाचवण्यासाठी दारूगुत्त्याचा मालक स्वेरेंजन आपल्याकडच्या निरपराध जेनचा जीव घेतो, तिचे प्रेत ट्रिक्सीचे म्हणून हर्स्टला दाखवतो आणि अखेरीस लाकडी जमिनीवरचे रक्त घासत राहतो, हे अनेकांना असह्य वाटले, मलाही वाटले. पण सोन्यापुढे माणूस स्वस्त झालेल्या त्या वस्तीचे याहून प्रामाणिक चित्र मला सुचत नाही. चौथे पर्व न आल्याने पुढील कथानक 2019 मध्ये चित्रपट येईपर्यंत खुंटले, एवढे मात्र खरे.