लग जायेगा, अंकल!

आमच्या घरचा कॉम्प्युटर २००९ सालचा. कोअर टू ड्युओ, दोन जीबी रॅम, ३२० जीबीची हार्ड डिस्क. असेंबल करून देणारा मुलगा तेव्हा म्हणाला होता, काका, ३२० भरता भरता तुम्ही रिटायर व्हाल. रिटायर व्हायला अजून सहा वर्षं आहेत आणि डिस्क कधीच भरली. मुलीचे बारशापासून दहावीपर्यंतचे फोटो, तीन मुंजींचे व्हिडिओ, आणि बाबांनी कॅसेटवरून उतरवून घेतलेले हरिपाठ आणि कीर्तनं. आईचा नित्यनेम ठरलेला असतो, आंघोळ, देवपूजा, मग कॉम्प्युटरवर हरिपाठाला डबल क्लिक.

बायको म्हणाली अहो सरळ लॅपटॉप घ्या ना. पण चालती वस्तू टाकायची आमच्याकडे पद्धत नाही, लग्नातला मिक्सर तिसऱ्या मोटरवर चालतोय. शिवाय त्या ३२० वाल्या डिस्कमधून अधूनमधून टकटक असा आवाज यायला लागला होता, म्हटलं ही बसायच्या आत सगळ्याचा बॅकअप घेऊन ठेवू. म्हणून शनिवारी लॅमिंग्टन रोड गाठला (पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग लिहिलंय, पण त्या नावाने विचारलं तर शेजारचा दुकानदारही सांगणार नाही). चार टीबीची, म्हणजे चार हजार जीबीची, डिस्क मागितली. पोऱ्याने विचारलं कुठल्या मशीनमध्ये लावणार, मी सांगितलं, तर त्याने आतल्या दुसऱ्या पोऱ्याला बाहेर बोलावून मला परत सांगायला लावलं. मग दोघे एकमेकांकडे बघून म्हणाले, "लग जायेगा, अंकल." मुंबईत या दोन शब्दांच्या भरवशावर माणसाने काहीही विकत घेऊ नये.

रविवारी सकाळी पोहे खाऊन कामाला लागलो. बायको म्हणाली, मागच्या वायरींचा फोटो काढून ठेवा आधी. मी म्हटलं अगं इतकी वर्षं बघतोय मी तो कॉम्प्युटर, फोटो कशाला. हे वाक्य लक्षात ठेवा.

कॅबिनेटचं झाकण काढलं तर आत धूळ नव्हती, गोधडी होती. रंगाच्या जुन्या ब्रशने ती काढली तर एसएमपीएसच्या, म्हणजे आतल्या सगळ्याला वीज देणाऱ्या डब्याच्या, मागे पालीच्या अंड्यांची दोन पांढरी टरफलं. आई दारातूनच म्हणाली, आत पाल असेल तर मारू नकोस हं, रविवार आहे. रविवारचा काय संबंध ते मी विचारलं नाही.

डिस्क खाचेत सरकवली, स्क्रू लावायला घेतला, तो बसेना. दहा मिनिटं झटापट केल्यावर कळलं की डीव्हीडी रायटरचे स्क्रू बारीक आट्याचे आणि हार्ड डिस्कचे जाड आट्याचे असतात, आणि मी बारीकवाला कोंबत होतो. जाडवाला शोधला, तो हातातून निसटून थेट मदरबोर्डखाली गेला. मग मातीच्या गल्ल्यातनं चाराणे काढतात तसा अख्खा कॅबिनेट उलटा करून हलवला. स्क्रू पडला, त्याच्याबरोबर एक शेंगदाणाही पडला. तो कसा गेला असेल यावर घरात अजून चर्चा चालू आहे.

पुढची अडचण म्हणजे एसएमपीएसला डिस्कला वीज देणाऱ्या साटाच्या पिना दोनच, एक जुन्या डिस्कला आणि एक डीव्हीडी रायटरला. म्हटलं रायटरची काढू, गेल्या दहा वर्षांत कोणी डीव्हीडी घातलेली नाही. काढायच्या आधी सहज त्याच्या भोकात पिन घालून ट्रे उघडला तर आत मुलीच्या दुसरीतल्या गॅदरिंगची डीव्हीडी, जिच्यावरून आमच्यात तेव्हा चार दिवस अबोला होता आणि जी मी हरवली असं अधिकृतरीत्या ठरलेलं होतं. ती मी गुपचूप खिशात घातली.

सगळं जोडून बटण दाबलं. लांब बीप. थांबून परत लांब बीप. स्क्रीन काळी. याचा इलाज मात्र मला येतो, आपल्याकडे सगळ्यांनाच येतो. रॅम काढली, मुलीच्या कंपासमधलं खोडरबर घेतलं, सोनेरी पट्टी दोन्ही बाजूंनी घासली, फुंकर मारली, कट्ट आवाज येईपर्यंत परत दाबली. बीप गेला आणि त्याच्या जागी एक ओळ आली, रिबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस.

बायकोने विचारलं, म्हणजे काय? मी म्हटलं, म्हणजे त्याला विंडोज सापडत नाहीये. ती म्हणाली, आणि फोटो? मी गप्प. ती म्हणाली, बॅकअप असेल ना? अगं बॅकअप घ्यायलाच तर ही डिस्क आणली! यावर ती काही बोलली नाही, बोलली असती तर बरं झालं असतं. शेवटी झालेलं एवढंच होतं की मशीन नव्या कोऱ्या डिस्कवर विंडोज शोधत बसलं होतं. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, जाऊन जुन्या डिस्कला पहिला नंबर दिला आणि विंडोज सेव्हन उघडलं. तेवढ्या दहा मिनिटांत माझं बीपी कुठे गेलं असेल ते बायोसमध्ये दिसत नाही म्हणून, नाहीतर तेही बघितलं असतं.

आता विंडोजने विचारलं, डिस्कला एमबीआर हवं की जीपीटी? एमबीआरवर आधीच टिक होती. आपण सरकारी फॉर्म भरतो तसं, जिथे टिक आहे तिथे ओके. मग डिस्कचे दोन तुकडे दिसले, एक २०४८ जीबी आणि दुसरा १६७८.०२ जीबी, डोक्यावर काळी पट्टी. त्या दुसऱ्यावर राइट क्लिक केलं तर सगळे पर्याय फिके. बरं बेरीज करून बघितली तर तीही चार हजार होईना, ३७२६च भरते. ते नंतर समजलं, कंपनी हजाराच्या हिशोबाने मोजते आणि विंडोज १०२४च्या. म्हणजे खोक्यावर सुपर बिल्टअप आणि घरात कार्पेट एरिया. डोंबिवलीत फ्लॅट घेतलेल्या माणसाला यात नवीन काही नाही, त्यामुळे ते मी सोडून दिलं आणि पहिल्या तुकड्यावर फोटो कॉपी करायला लावले. तीन तास झाल्यावर भाच्याला फोन केला.

"मामा, तू एमबीआर केलंस?"

"टिक होती रे."

भाच्याने समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगतो. जीपीटी म्हणजे डिस्कचा नवा सातबारा आणि एमबीआर म्हणजे जुना. जुन्यात नंबर लिहायचा रकाना ३२ बिटांचा, म्हणजे ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६ गटच मावतात, आणि एकेक गट ५१२ बाइटचा. गुणाकार केला की येतात ते बरोब्बर २०४८ जीबी. त्यापुढची जमीन आहे, कुंपणाच्या आत आहे, पैसे आपण भरलेत, पण तिला गट नंबरच नाही! आणि ज्यांनी हे ठरवलं त्यांना तरी काय बोलणार, ही पद्धत १९८३ची, तेव्हा आयबीएमच्या पीसी एक्सटीला हार्ड डिस्क यायची १० एमबीची. त्यात आज आईच्या फोनमधले दोन फोटो मावतील. आपण तेव्हा वर्ल्ड कप जिंकलो म्हणून नाचत होतो, चार टीबीचं कोणाच्या डोक्यात असणार.

"मग आता?"

"सगळं उडव, डिस्क रिकामी कर, मग कन्व्हर्ट टू जीपीटी येईल. त्या डिस्कवरून तुझं मशीन बूट होणार नाही, पण फोटो ठेवायला चालेल. आणि मामा, उडवताना डिस्क नीट बघ कुठली ती."

हे शेवटचं वाक्य ऐकल्यावर मी प्रत्येक क्लिकच्या आधी बायकोला स्क्रीन वाचून दाखवत होतो. डिस्क वन, झिरो नाही, वन. तिनेही मान डोलावली, म्हणजे उद्या काही झालंच तर जबाबदारी निम्मी निम्मी.

जीपीटी झालं, तीन हजार सातशे सव्वीस एका पट्टीत आले. फॉरमॅट करताना क्विकवरची टिक मीच काढली, म्हटलं नवीन डिस्क आहे, सगळी नीट तपासून घेऊ दे. टक्का हलेना म्हणून रात्री तसंच चालू ठेवून झोपलो. पहाटे साडेपाचला उठून बघतो तर भिंतीवरचं बटण बंद. आई म्हणाली, रात्रभर घरघरत होतं रे, कोणीतरी विसरलं असेल म्हणून मीच बंद केलं, बिल कोण भरणार? किती टक्के झाले होते ते आईने बघितलं नव्हतं. मग क्विकवर परत टिक मारली. दहा सेकंद.

सोमवारी रात्रीपर्यंत सगळं कॉपी झालं. चार टीबीच्या डिस्कवर भरले २८७ जीबी, निळी पट्टी एवढीशी, नखाएवढी. कॅबिनेट बंद केला, टेबलाखाली ढकलला, वायरी लावल्या. एक स्क्रू उरला, तो ड्रॉवरमध्ये आधीच्या उरलेल्यांच्यात टाकला.

मंगळवारी मी दाढी करत असताना आईची हाक आली.

"अरे, हरिपाठ लागलाय पण आवाज नाही येत. आधी येत होता."

मागे आवाजाच्या वायरींची तीन भोकं असतात, हिरवं, गुलाबी आणि निळं. तोंडाला फेस तसाच ठेवून, मोबाइलचा टॉर्च लावून मी परत टेबलाखाली शिरलो.