किंग डेचं जेवण: भाषणं कमी करा, वाढप नीट करा

जानेवारीच्या तिसऱ्या सोमवारी अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांत मार्टिन ल्यूथर किंग यांच्या स्मरणार्थ सामुदायिक जेवण असतं. ज्या मराठी विद्यार्थ्यांच्या अंगावर त्याचं आयोजन पडेल, त्यांनी वक्ता शोधण्याआधी जॉर्जिया गिलमोर कोण होत्या ते वाचावं. अमेरिकेतल्या माँटगोमेरी शहरात कृष्णवर्णीयांनी बसमधल्या वर्णभेदाविरुद्ध बसवर टाकलेला बहिष्कार 381 दिवस चालला. गिलमोर या स्वयंपाकीणबाई आणि त्यांच्या मैत्रिणी जेवण, केक आणि ‘पाय’ नावाचा सारण भरून भाजलेला पदार्थ विकून त्यासाठी पैसे उभे करत. त्या पैशांतून लोकांना कामावर नेणाऱ्या गाड्यांचं पेट्रोल भरलं जाई. या बहिष्कारावरून किंग यांच्यावर झालेल्या खटल्यात त्यांच्या बाजूने साक्ष दिली म्हणून गिलमोरबाईंची नोकरी गेली, मग त्यांनी घरीच खानावळ चालवली. त्यामुळे या जेवणात ताट गौण आणि भाषण मुख्य, हे मला पटतच नाही.

आता हिशोब. दोनशे माणसांना कोरडी चवळी 12 किलो, रात्रभर भिजवून. टोमॅटो किंवा व्हिनेगर चवळी मऊ झाल्यावरच घाला, आंबटाने ती शिजता शिजत नाही. कॉलर्ड ही कोबीच्या कुळातली जाड पानांची भाजी. देठासकट 35 ते 40 किलो लागते, कारण देठ काढून शिजवली की पातेल्याच्या तळाशी बसते. तीन पाण्यांतून धुवा, नाहीतर दाताखाली रेती येते. यात बहुतेक वेळा धुरावलेलं मांस पडतं, म्हणून शाकाहारी पातेलं आणि डाव पहिल्यापासून वेगळे ठेवा. कोंबडी आतून 74 अंश सेल्सिअसला शिजली पाहिजे. वाढेपर्यंत अन्न 57 अंशांच्या खाली जाऊ देऊ नका. भाषण लांबलं की नेमकी इथेच गडबड होते. वक्त्याला दहा मिनिटं, तीही लोक जेवत असताना.

बुफेची रांग नको. आठजणांच्या टेबलावर वाडगे ठेवा, चार खुर्च्या गावातल्यांच्या, चार विद्यापीठातल्यांच्या. वाडगा मागता-देताना अनोळखी माणसांचं बोलणं आपोआप सुरू होतं. देणगीदारांची राखीव रांग तर अजिबात नको.

त्या दिवशी सुट्टी असते, बऱ्याच गावांत बस कमी धावतात. शेवटच्या बसची वेळ आधी बघा आणि त्याच्या अर्धा तास आधी जेवण आटपा, नाहीतर गाडीवालेच येतील. आणि सुट्टीच्या दिवशी भांडी घासणाऱ्यांना जादा पगार आहे का, हे लेखी विचारा. किंग यांची 4 एप्रिल 1968 रोजी मेम्फिसमध्ये हत्या झाली, तेव्हा ते तिथे सफाई कामगारांच्या संपासाठी गेले होते. स्वयंपाकघरातल्या माणसांच्या खुर्च्या पहिल्या यादीतच धरा, आणि त्यांना बसता यावं म्हणून वाढपाला विद्यार्थ्यांची दुसरी तुकडी ठेवा.